क्षितूसाठी तिकिटं

२३ सप्टेंबर २००६, शनिवार. घटस्थापना

घट बसले. पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये म्हणून थांबले होते, आजपासून ही वही. डायरी गेल्या वर्षीची आहे, विम्याच्या एजंटाने दिलेली, कोरीच पडली होती. छापलेले वार खोडून खरे लिहिते. घरखर्चाची वही वेगळी, ती रोजच्यासारखी चालू. इथे फक्त मनातलं, आणि तिकिटांचं.

तिकिटांचं असं झालं. घट बसवायच्या आधी माळा झाडायला घेतला तर मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. माझा, गिरगावातल्या शाळेच्या वेळचा. आत पोस्टाची तिकिटं. माझे वडील जहाज कंपनीत कारकून होते, परदेशी पाकिटं घरी आणायचे. मॅट्रिक होईपर्यंत मी जमवली. लग्न झालं आणि सासूबाई म्हणाल्या, हे कागदाचे कपटे कशाला? डबा माळ्यावर गेला. पुढे लालबाग सोडून भाईंदरला आलो, नवघरला, तेव्हा सामानात हाही आला असणार.

थोडी झुरळांनी खाल्ली. बाकीची शाबूत आहेत. मनात आलं, क्षितूसाठी वही करावी. क्षितिजा, माझी नात, दुसरीत आहे. गणपती गेले आणि नीलम, म्हणजे आमची सून, तिला घेऊन कळव्याला माहेरी गेली ती अजून आलेली नाही. दिवाळीला येतील असं हे म्हणतात. येईल तेव्हा पोरीला दाखवायला काहीतरी हवं. तिच्याशिवाय घर घरासारखं वाटत नाही.

नीलम का गेली ते इथे लिहीत नाही. नवराबायकोत व्हायचंच. योगूचा, माझ्या मुलाचा, आवाज जरा मोठा आहे. त्या दिवशी फक्त ताट फेकलं होतं.

२७ सप्टेंबर, बुधवार

कागदासकट तिकीट कोमट पाण्यात सोडायचं. आपोआप सुटू द्यायचं, ओढायचं नाही. मग वर्तमानपत्रावर पालथं सुकवायचं, मग दाबाखाली. वडिलांनी शिकवलेलं हातांना बरोबर आठवलं. दाबाला पोथी ठेवायला मन धजेना, पोळपाट ठेवला. धरायला चिमटा हवा होता. नीलमचा भुवयांचा चिमटा न्हाणीघरातल्या फळीवर राहिलाय, तो घेतला. तिचा कंगवा, टिकल्यांचं पाकीट, सगळं तिथेच आहे. माहेरी जाणारी बाई अशी रिकाम्या हातांनी जाते का? काहीतरी गडबडीत होती.

शेजारच्या रंभाबेनची बहीण नैरोबीला असते. तिची पाकिटं मागितली तर रंभाबेन खूश. एक पाकीट उलटसुलट करून म्हणाली, "मनोरमाबेन, ये इंडियावाला देखो, इस पे ठप्पाच नहीं लगा. निकालके वापस चिपका दो, पाँच रुपया बच गया!"

"नको नको, वो तो चोरी होती है," मी म्हटलं. पण पाच रुपये मनात राहिले खरे. काटकसर वेगळी आणि सरकारला फसवणं वेगळं. ते तिकीट वहीत लावलं म्हणजे प्रश्नच मिटला.

जाता जाता तिने हळूच विचारलं, "बहू आयी?" भिंती पातळ आहेत या बिल्डिंगच्या.

५ ऑक्टोबर, गुरुवार

लग्नपत्रिका आली. पाकिटावर तुकोबांचं तिकीट, आणि पोस्टाचा शिक्का बरोबर कपाळावर. असं पाकीट कचऱ्यात कसं टाकायचं? त्यात लोक जिभेने ओलं करून चिकटवतात, संतांना उष्टं. मी जन्मात कधी तिकिटाला जीभ लावली नाही, पाण्याचं बोट लावते. हे तिकीट क्षितूच्या वहीच्या पहिल्या पानावर.

हे पेपर वाचत होते. म्हणाले, "काय गं, घरात पोस्ट ऑफिस उघडलंस का? शिक्का मारायला मला ठेव, रिटायर माणूस आहे, पगार कमी घेईन." किती दिवसांनी हसले. बरं वाटलं.

योगू आला तेव्हा सगळं उचलून ठेवलं होतं. दमून येतो. येताना थांबतो कुठेतरी, तोंडाला वास येतो, पण ऑफिसात त्रासही फार आहे म्हणतात.

१० ऑक्टोबर, मंगळवार

यांना बागेच्या कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं की नीलमने ठाण्याच्या कोर्टात अर्ज केलाय. मुलगी तिच्याकडेच राहावी म्हणून. 

यांनी आणि योगूने बराच वेळ बोलून ठरवलं. मला बोलावून सांगितलं, "रजिस्टर पत्र आलं तर घ्यायचं नाही. सही करायची नाही. कागद हातात आला की कोर्टात जावं लागतं. घेतलाच नाही तर केस पुढे सरकणार कशी?"

मी विचारलं, "पण मग क्षितू..."

योगू म्हणाला, "आई, तुला कायदा कळतो का? थकून भागून येईल ती आपोआप. पोस्टमन दुपारचा येतो, घरी तूच असतेस. लक्षात ठेव."

लक्षात ठेवते.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

आलं. दशरथ पोस्टमन आमच्या बिल्डिंगला बरीच वर्षं येतो. तिकिटांसाठी मीच त्याला सांगून ठेवलं होतं की कुणी पाकिटं टाकून देत असेल तर बघ. म्हणून हसत आला. "वहिनी, आज मोठं गिऱ्हाईक. रजिस्टर आहे, ठाणे कोर्ट. इथे सही."

मी म्हटलं, घ्यायचं नाही.

"घ्यायचं नाही?"

"घरातली माणसं नको म्हणतात."

"मला काय, लिहून टाकतो." पाकिटावर लिहिलं, 'घेण्यास नकार', आणि गेला. मला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं. पण सांगितलेलं केलं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. भाऊबीज

आले नाहीत. क्षितूसाठी अनारसे केले होते, तिला जाळीदार आवडतात. चार दिवस डब्यात ठेवले, आज रंभाबेनकडे दिले.

जेवताना मी योगूला एवढंच म्हटलं की एकदा कळव्याला जाऊन मऊपणे बोल. माझंच चुकलं. दमून आलेल्या माणसाला तेव्हा विचारू नये. मनगट सुजलंय, हळद लावलीय. चिमटा धरता येत नाही म्हणून आज तिकिटं नाहीत. हे शेजारीच जेवत होते. म्हणाले, "तुला तरी काय गरज होती?" खरंच होतं ते.

६ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा रजिस्टर. पुन्हा नकार. दशरथ म्हणाला, "वहिनी, एकीकडे तिकिटं मागता, एकीकडे तिकिटं लावलेलं पाकीट परत लावता." थट्टाच केली, पण मला हसू आलं नाही.

आफ्रिकेचं पान पूर्ण झालं. क्षितूला समजेल अशा मोठ्या अक्षरात खाली नावं लिहिली. एका तिकिटावर जिराफ आहे. ती जिराफाला जिलाफ म्हणायची. आता नीट म्हणत असेल.

देवापुढे रोज एकच मागणं मागते. पोरगी या घरात येऊ दे. बाकी काही नको.

१ डिसेंबर, शुक्रवार. एकादशी

आज माझी परीक्षा झाली.

तिसरं रजिस्टर. दशरथने पाकीट पुढे धरलं आणि त्यावर हत्ती. हत्तीचं तिकीट, कोरं करकरीत, शिक्का नुसता कोपऱ्याला लागलेला. क्षितूचा सगळ्यात आवडता प्राणी. तिच्या वहीत मी प्राण्यांचं पान केलंय, त्यात हत्तीचीच जागा रिकामी ठेवली होती.

मी म्हटलं, "दशरथभाऊ, पाकीट तर परतच जाणार. तेवढं एक तिकीट..."

"वहिनी, नोकरी घालवता का माझी? सही करा, मग पाकीट तुमचं, हत्तीपण तुमचा."

पेन त्याने पुढे केलं. मी घेतलंसुद्धा हातात. एवढीशी तर सही. पाकीट फोडायचं नाही, तिकीट काढून बाकीचं लपवून ठेवू, कुणाला कळणार आहे, असं सगळं मनात येऊन गेलं. मग आतून देवघरातल्या उदबत्तीचा वास आला आणि लाज वाटली. एकादशीच्या दिवशी, कागदाच्या एका तुकड्यासाठी, नवऱ्याचं आणि मुलाचं ऐकायचं नाही म्हणजे काय? पेन परत दिलं. म्हटलं, नको.

मोह आवरला. दिवसभर उपास होता पण पोट भरल्यासारखं वाटत होतं.

९ जानेवारी २००७, मंगळवार

कोर्टाचा माणूस स्वतः आला. पाकीट नाही, तिकीट नाही, नुसते कागद. आम्ही हजर राहिलो नाही म्हणून आमच्या मागे निकाल झाला. क्षितूचा ताबा नीलमकडे. योगूने तिला भेटायचं नाही, तिच्या शाळेत जायचं नाही. आमचं तर नावच नाही कुठे.

योगूने तो कागद माझ्या तोंडावर धरला. "तू घेतलं होतंस का एखादं? खरं सांग."

"नाही रे. तू सांगितलंस तसंच केलं."

मग तो यांच्यावर ओरडला. हे कट्ट्यावरच्या लोकांवर ओरडले, इथे बसून.

१२ जानेवारी, शुक्रवार

वकिलांकडे गेलो होतो. स्टेशनजवळ, वर जिना चढून. वकील तरुण आहेत. आमची हकिकत ऐकून टेबलावर हात मारून हसले.

"काका, तुम्हाला कुणी सांगितलं हे? नाकारलं म्हणजे मिळालंच असं धरतात. तीन वेळा नकार, म्हणजे तुम्हाला तारखा माहीत होत्या आणि तुम्ही आला नाहीत. घेतलं असतं, एकदा उभे राहिला असता, तर आजी-आजोबांची भेट तरी मागता आली असती."

हे खाली बघत बसले. मी हत्तीचा विचार करत होते. त्या दिवशी हावरटासारखी सही केली असती तर.

देव हात धरून सही करायला लावत होता का? आणि मी त्यालाच मोह म्हणाले? मला काही कळेनासं झालंय.

१५ जानेवारी, सोमवार. संक्रांत

घरच्या फोनवरून नको म्हणून नाक्यावरच्या पीसीओवरून कळव्याला फोन केला. नीलमने उचलला. तिळगूळ घ्या म्हटलं.

ती म्हणाली, "आई, कोर्टातल्या बाईंनी मुलीला आणायला सांगितलं होतं, कुणी आजी-आजोबा आले तर भेटतील म्हणून. दर तारखेला घेऊन गेले मी तिला. बाकावर बसून दाराकडे बघायची. आजी येणार म्हणून एकदा शाळेचं चित्र घेऊन आली होती. तुम्ही एकदाही आला नाहीत."

मागे एक माणूस फोनसाठी उभा होता, घाई करत होता.

"मी तुमच्यावर रागावले नाही," नीलम म्हणाली. "पण हे व्हायचं तेव्हा तुम्ही घरात असायचात ना आई. माझ्या हाताला प्लॅस्टर होतं तेव्हा भात कुणी भरवला? तुम्हीच. मग त्याला का कुणी विचारलं नाही?"

मी फोन ठेवला. भात भरवला म्हणून बोलणी खायची?

तिकिटं काढली, परत ठेवली.

२० फेब्रुवारी, मंगळवार

वकिलांनी अर्ज केला होता की निकाल पुन्हा बघा. आज ठाण्याला गेलो. न्यायाधीश बाई आहेत, माझ्याच वयाच्या, साध्या. इतरांना बाहेर थांबवून मला एकटीला आत बोलावलं.

"आजी, मूल पाठवायचं तर तुमच्या भरवशावर पाठवावं लागेल. सुनेचं म्हणणं, घरात मारहाण होते. तुम्ही काही पाहिलंत?"

"नाही."

"तिच्या हाताला प्लॅस्टर होतं."

"बादली जड होती."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी पदर नीट केला.

पाहिलं नाही हे खोटं नाही. मी स्वयंपाकघरात असायचे, ओट्याकडे तोंड करून. मागे काय चालतं ते दिसत नाही. वकिलांनीही कोर्टात शिरताना हेच सांगितलं होतं, पाहिलं असेल तेवढंच बोला.

महिन्यातला दुसरा आणि चौथा रविवार मिळाला, तूर्त पुढच्या तारखेपर्यंत. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, आजीच्या जबाबदारीवर, योगूने भेटायचं तेही आजीसमोरच. असंच लिहिलंय कागदात. नीलम दारात उभी होती, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला मात्र बसमध्ये हसू फुटत होतं. देवाने ऐकलं.

२५ फेब्रुवारी, रविवार

आली! उंच झालीय. दोन वेण्या. नीलमचा भाऊ खाली सोडून गेला.

वही दाखवली. एकेक पान बोटाने न शिवता बघितलं, तिला मी तसं सांगितलं होतं. तुकोबांना नमस्कार केला. जिराफ नीट म्हणते आता. प्राण्यांच्या पानावर म्हणाली, "आजी, इथे कोण राहणार आहे?" मी म्हटलं, हत्ती सापडला की तो. "मग मी शोधते," म्हणाली.

योगू दुपारी घरी नव्हता. बरं झालं असं मनात आलं, आणि असं का आलं म्हणून स्वतःचाच राग आला. बाप आहे तो.

एकच गोष्ट खटकली. तिच्या चपला मी उचलून आत ठेवल्या तर तिने त्या परत दाराजवळ आणून ठेवल्या, तोंडं बाहेरच्या बाजूला. मी म्हटलं, असू दे ना आत. "इथेच बऱ्या," म्हणाली.

११ मार्च, रविवार

लिहायला नको वाटतंय. पण या वहीत लिहायचं नाही तर कुठे.

क्षितू अकराला आली. परातीत पाणी घेतलं, रंभाबेनने दिलेली पाकिटं कापून तिकिटं सोडली. दोघी जमिनीवर बसलो होतो. एखादं सुटून वर आलं की ती म्हणायची, "आजी, हे पोहायला लागलं." यांना हॉलमध्ये ऐकू जात होतं, तेही तिथून विचारत होते, "कुठल्या देशाचं गं पोहतंय?"

योगू घरीच होता. सकाळपासून घेत होता. आत आला, आमच्याजवळ उकिडवा बसला. आधी गोड बोलला. मग विचारलं, "आई काय सांगते माझ्याबद्दल?"

क्षितूने परातीतलं एक तिकीट बोटाने पुढे ढकललं.

"सांग ना. काय शिकवते? बाप वाईट आहे म्हणून?"

ती तिकिटाकडेच बघत होती. 

"जीभ नाही का तुला?" म्हणाला आणि परात लाथेने उडवली. पाणी भिंतीपर्यंत गेलं. तिला दंडाला धरून उभं केलं, इतकं जोरात की तिचे पाय जमिनीवरून सुटले. मी मध्ये गेले. म्हटलं, अरे लहान आहे ती, कोर्टाने माझ्यावर सोपवलीय. तेव्हा मला बसली. कानावर. मी ओट्याला धडकले.

हॉलमध्ये पेपर वाजला. बस, एवढंच.

आणि क्षितू. रडली नाही. दंड चोळत उठली, स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि फळीवरच्या टेपचा आवाज पूर्ण मोठा केला. आरतीची कॅसेट लागलेली असते रविवारी. मग खाली उतरली, खिडकी लावली आणि माझ्याजवळ येऊन माझ्या चांगल्या कानात म्हणाली, "आता बाहेर ऐकू नाही जाणार, आजी."

तिला हे कुणी शिकवलं? मी. कधी तोंडाने सांगितलं नाही. नीलमच्या वेळी मी उठायचे, टेप मोठा करायचे, खिडकी लावायचे, परत ओट्याकडे तोंड करायचे. क्षितू तेव्हा दारामागे असायची. मला वाटायचं, घराची अब्रू राखतेय.

तिचा हात धरला आणि निघाले. ओल्या लुगड्यानेच. हे दारात म्हणाले, "अगं, सहाला पोचवायचंय ना? आत्ता कुठे?"

"कळव्याला."

"आणि त्याला काय सांगू?"

"हेच सांगा."

चपला घालायला तिला जराही वेळ लागला नाही.

काशीमिऱ्याहून ठाण्याची बस मिळाली. घोडबंदरच्या रस्त्याने ती खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आजी, तुझ्या हाताला तिकीट चिकटलंय." खरंच, कोपराखाली एक ओलं तिकीट. मी काढायला गेले तर म्हणाली, "ओढू नको, फाटेल." फुंकर मारून मारून तिने ते सोडवलं, तळहातावर घेतलं. ठाणं येईपर्यंत मूठ उघडली नाही.

नीलमने दार उघडलं. माझ्या कानाकडे बघितलं, मग पोरीच्या दंडाकडे. तिला आत पाठवलं.

"आत्ताशी तर दुपार आहे," म्हणाली.

"हो. आणि पुढच्या वेळी पाठवू नकोस."

"कागदात लिहिलंय. नाही पाठवली तर मीच दोषी होते."

"मी कागद बदलून घेते."

"मग तुम्ही कशा भेटणार तिला?"

आतून क्षितूचा आवाज आला, मामाला सांगत होती की बसमध्ये आम्ही दोघींनी कसं तिकीट सोडवलं. नीलमने पाणी दिलं. बस म्हणाली नाही, मीही बसले नाही.

१९ मार्च, सोमवार. पाडवा

गुढी उभारली. हे म्हणतात, "झालं ते झालं. रविवार चालू ठेव, तेव्हा योगूला बाहेर पाठवू. नात हवी ना तुला?" योगू पाया पडला. रडला. म्हणाला, आई, पुन्हा नाही होणार. तीन वेळा म्हणाला. माझा मुलगा आहे, मला त्याचं रडणं बघवत नाही. 

नात हवी का? दुसरं काय मागितलं मी देवाकडे आजपर्यंत?

चौथा रविवार जवळ आला. डोकं चालत नाही. नैवेद्याच्या श्रीखंडात साखर घालायला विसरले.

२१ मार्च, बुधवार

आज आमच्या अर्जाची पुढची तारीख होतीच. वकील म्हणाले, आज काही नाही, पाच मिनिटांचं काम, रविवार कायम करून घेऊ.

बाईंनी विचारलं, भेटी नीट चालल्यात ना? वकील हो म्हणाले. मी उभी राहिले. हे माझा पदर ओढत होते.

"बाई, मला बोलायचंय."

"बोला."

"मागे विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. सुनेला हा मारायचा. हात त्यानेच मोडला. त्या रविवारी नातीवर हात टाकला, मलाही मारलं. मूल आमच्याकडे पाठवू नका."



"तेव्हा का सांगितलं नाहीत?"

"नात घरी यायला हवी होती."

"आणि आता?"

"आता नको यायला."

त्यांनी लिहून घेतलं. मला वाचून दाखवलं, सही करायला सांगितली. माझी सही वाकडी आली, बाकी सगळं मी बोलले तसंच होतं. रविवार बंद. बाहेर नीलम भिंतीला टेकून उभी होती, डोळ्यांना पदर. माझ्याकडे यायला निघाली, मग योगू मध्ये दिसला तशी थांबली. क्षितूला आज आणलं नव्हतं. आणलं असतं तर लांबून बघता आलं असतं.

जिन्यात हे म्हणाले, "आता मेलीस तरी ती पोरगी दिसायची नाही तुला."

"नाही दिसणार," मी म्हटलं.

योगू एवढंच म्हणाला, "घरी चल."

गेले. दुसरीकडे कुठे जाणार?

२२ मार्च, गुरुवार

अक्षर नीट येत नाही. उजवा हात बांधलाय, डाव्याने लिहितेय.

सकाळी रंभाबेन आली. दारातच उभी राहून हाताकडे बघत होती. "क्या हुआ मनोरमाबेन?"

आत हे होते, योगू होता. दोघांनी ऐकलं तिने काय विचारलं ते. हे पटकन म्हणाले, "कुछ नहीं, वो..."

"योगूने मारा," मी म्हटलं.

दार उघडं होतं. जिन्यात सगळ्यांना ऐकू गेलं असेल. जाऊ दे.